इंग्रजीतले गोंधळात टाकणारे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याकरण बरे येते, वाचनही असते, तरीही 'अफेक्ट' लिहायचे की 'इफेक्ट' या ठिकाणी अनेकांचा हात थांबतो. मग स्पेलिंग पुन्हा पाठ केले जाते आणि आठवडाभराने पुन्हा तोच प्रश्न पडतो. माझे मत असे की या गोंधळाचा दोष स्मरणशक्तीला देऊ नये. शब्द वाक्यात काय काम करतो आहे, हे पाहण्याआधीच आपण तो कानाने ओळखायला जातो आणि तिथे फसतो. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात तिथे स्पेलिंगमधले वेगळे अक्षर नावाने सांगितले आहे.

इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंग वेगवेगळी, असे का होते?

स्पेलिंग एका काळात थबकले आणि उच्चार पुढे बदलत राहिले म्हणून. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत गेले. भाषाभ्यासक या बदलाला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हणतात. हा बदल चालू असतानाच, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला आणि छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्के होऊ लागले. समुद्र या अर्थाचा 'सी' आणि पाहणे या अर्थाचा 'सी' हे त्या काळी वेगळे ऐकू येत. एकात 'ई-ए' आणि दुसऱ्यात 'डबल ई' आहे, ती त्या जुन्या फरकाची खूण. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला सुरुवातीचा 'के' आणि लिहिणे या अर्थाच्या 'राइट'मधला 'डब्ल्यू' हेसुद्धा एके काळी उच्चारले जात.

आपण देवनागरीत बहुतांशी ऐकू येते तसे लिहितो, त्यामुळे ही पद्धत परकी वाटते. पण 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक बोलण्यात पुसट होतो आणि लिहिताना अर्थ पालटतो, हे आपण शाळेपासून सांभाळत आलो आहोत. तीच नजर इंग्रजीसाठी वापरायची आहे.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांतला फरक एकदाचा कसा कळेल?

'ए'ने सुरू होणारा 'अफेक्ट' हे क्रियापद आणि 'ई'ने सुरू होणारा 'इफेक्ट' हे नाम, एवढ्याने दहापैकी नऊ वेळा काम भागते. 'लॅक ऑफ स्लीप अफेक्ट्स मेमरी' म्हणजे अपुऱ्या झोपेचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो. तेच नाम वापरून सांगायचे तर 'द इफेक्ट ऑफ स्लीप ऑन मेमरी'. शब्दाच्या आधी 'द', 'ॲन', 'एनी' किंवा एखादे विशेषण बसत असेल तर तिथे नाम आहे, म्हणजे 'ई' लिहायचा.

मराठी माणसाची अडचण इथे थोडी निराळी आहे. आपण 'परिणाम होतो', 'परिणाम करतो' असे म्हणतो. आपल्या वाक्यात 'परिणाम' हे नाम असते आणि क्रियापद त्याला जोडून येते. त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याला दोन्ही ठिकाणी 'परिणाम'च दिसतो आणि इंग्रजीत नाम हवे की क्रियापद, हा प्रश्नच पडत नाही. यावर उपाय म्हणजे इंग्रजी वाक्यातला कर्ता शोधणे आणि त्याचे क्रियापद कोणते हे स्वतःला विचारणे. दुसरे क्रियापद सापडले नाही, तर 'अफेक्ट' हवा.

उरलेल्या दहाव्या वेळेविषयी. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. त्या जागी 'अफेक्ट अ चेंज' लिहिले तर आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणे असा भलताच अर्थ निघतो. दुसरीकडे मानसशास्त्रात 'अफेक्ट' नाम म्हणून येतो. त्याचा अर्थ माणसाच्या चेहऱ्यावर, बोलण्यावागण्यात दिसणारी भावस्थिती, आणि तिथे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर पडतो. हे दोन अपवाद शेवटी शिकावेत. सुरुवातीलाच शिकले तर मूळ नियमच डळमळतो.

'इट्स' मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा?

जिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणता येते तिथेच. 'इट्स रेनिंग' मध्ये 'इट इज रेनिंग' म्हणता येते, म्हणून अपॉस्ट्रॉफी द्यायचा. 'द कॅट लिक्ड इट्स पॉ' मध्ये 'इट इज पॉ' म्हणून पाहिले की वाक्य मोडते, म्हणून द्यायचा नाही.

प्रश्न पडण्यामागचे कारण अगदी रास्त आहे. नामाला संबंध दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, मग 'इट'ला का नाही? कारण 'इट' सर्वनाम आहे आणि सर्वनामांची संबंधी रूपे अपॉस्ट्रॉफीशिवाय असतात: 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स'. 'इट्स' याच पंगतीतला, फक्त उशिरा आलेला. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत संबंधी 'इट्स' हे रूप नव्हते. त्याच्या जागी 'हिज' किंवा नुसते 'इट' येई. पुढे अठराव्या शतकात चांगले लेखकसुद्धा संबंधी 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी देत असत. म्हणजे आजची चूक ही एके काळची रीत होती. आज मात्र ती चूकच धरली जाते.

'यू आर' पासून आलेला आणि तुमचा या अर्थाचा 'युअर', 'हू इज' पासून आलेला 'हूज' आणि कोणाचा या अर्थाचा 'हूज', या जोड्यांनाही हीच कसोटी लावा. अपॉस्ट्रॉफी काढून पूर्ण शब्द म्हणून पाहा. वाक्य उभे राहिले तर अपॉस्ट्रॉफी हवा.

आणि तीन 'देअर'?

'तिथे' या अर्थाच्या शब्दात 'हिअर'चे स्पेलिंग जसेच्या तसे दडलेले आहे आणि दोन्ही शब्द जागाच दाखवतात. 'त्यांचा' या अर्थाच्या शब्दात 'एअर' म्हणजे वारस या शब्दाची अक्षरे आहेत, एच-ई-आय-आर. तिसरा 'दे आर', त्याला वरची अपॉस्ट्रॉफीची कसोटी पुरते.

'लूज' हा एकच शब्द आहे ना?

नाही, आणि मराठी बोलण्यात सर्वांत खोल रुतलेला गोंधळ बहुधा हाच असेल. 'कपडे लूज झाले' असे आपण सर्रास म्हणतो. सैल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार मात्र शेवटी 'स' असलेला, 'लूस', असा आहे आणि त्यात दोन 'ओ' आहेत. 'लूझ' म्हणजे हरवणे किंवा हरणे. त्यात एकच 'ओ' आहे आणि उच्चार शेवटी 'झ'सारखा. सैल शब्दाला आपण 'झ'कडे झुकवले, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला एक झाले आणि लिहिताना 'आय डोन्ट वॉन्ट टु लूझ' या वाक्यात हमखास दोन 'ओ' पडू लागले. 'लॉस' आणि 'लॉस्ट' यांत एकच 'ओ' आहे, त्यांच्या घरातला 'लूझ'ही एकाच 'ओ'चा, असे धरले तर चुकणार नाही.

उच्चारातला हाच 'स' आणि 'झ'चा फरक 'प्राइस' म्हणजे किंमत आणि 'प्राइझ' म्हणजे बक्षीस यांतही आहे. मराठीत 'स' आणि 'झ' दोन्ही आहेत, म्हणजे आपल्या जिभेला यात अवघड काही नाही. फक्त तसे बोलायची सवय लावायला हवी, म्हणजे स्पेलिंग आपोआप मागे येते.

'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' यांत 'सी' कुठे आणि 'एस' कुठे?

नामात 'सी', क्रियापदात 'एस'. इथे उच्चारही साथ देतो: सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस', सल्ला देणे म्हणजे 'ॲडव्हाइझ'. 'डिव्हाइस' आणि 'डिव्हाइझ' ही जोडी तशीच.

ब्रिटिश इंग्रजीत हाच नियम 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांनाही लागतो, पण तिथे उच्चारात काहीच फरक नसल्याने कान उपयोगी पडत नाही. नाम असेल तर 'सी', क्रियापद असेल तर 'एस'. अमेरिकेत ही कटकट ठेवलेली नाही: 'प्रॅक्टिस' नेहमी 'सी'ने आणि 'लायसन्स' नेहमी 'एस'ने. संशय आला तर त्या जागी 'ॲडव्हाइस' किंवा 'ॲडव्हाइझ' घालून मोठ्याने म्हणा. 'स' ऐकू आला तर 'सी' लिहा, 'झ' ऐकू आला तर 'एस'.

याच ओघात एक महत्त्वाचे. 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही. 'ॲन ॲडव्हाइस' किंवा 'ॲडव्हाइसेस' असे होत नाही, एकच सल्ला सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांचेही अनेकवचन करू नका. मराठीत 'सल्ले' होतात म्हणून इंग्रजीतही होतील असे वाटते, पण होत नाहीत.

ब्रिटिश लिहावे की अमेरिकन?

दोन्ही बरोबर. एका मजकुरात एकच धरा, एवढेच बंधन. दोन्हींतले काही फरक मुद्दाम केलेले आहेत. सॅम्युएल जॉन्सनचा कोश 1755 मध्ये लंडनला निघाला आणि ब्रिटिश स्पेलिंगला त्याचा मोठा आधार मिळाला. नोआ वेब्स्टरने 1828 च्या आपल्या अमेरिकन कोशात 'कलर'मधला 'यू' काढून टाकला आणि 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरे उलटी केली. ब्रिटिश पद्धतीत अंतराचा 'मीटर' शेवटी 'आर-ई'ने आणि मोजण्याचे यंत्र असलेला 'मीटर' शेवटी 'ई-आर'ने लिहितात. अमेरिकन पद्धतीत दोन्ही एकसारखेच.

'लाय' आणि 'ले' मध्ये इंग्रज लोकही चुकतात म्हणतात. आमचे कसे होणार?

खरे तर तुमचे त्यांच्यापेक्षा बरे होईल, कारण हा फरक मराठीच्या हाडीमांसी आहे. आपण 'बसणे' आणि 'बसवणे', 'पडणे' आणि 'पाडणे', 'उठणे' आणि 'उठवणे' असे म्हणतो. पहिल्या क्रियापदात माणूस स्वतः काही करतो, दुसऱ्यात दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्या वस्तूवर ते घडवतो. मराठी व्याकरणात दुसऱ्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. जुन्या इंग्रजीतही अशी रचना होती आणि तिचे अवशेष आज नेमके गोंधळात टाकणाऱ्या जोड्या होऊन बसले आहेत. 'लाय' म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे, 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे, मांडणे. 'राइझ' म्हणजे वर येणे, 'रेझ' म्हणजे वर उचलणे. 'फॉल' म्हणजे पडणे आणि झाड तोडून पाडणे याला इंग्रजीत 'फेल अ ट्री' असे म्हणतात, तेही 'फॉल'चेच प्रयोजक रूप.

म्हणजे कसोटी एकच: 'काय?' असा प्रश्न विचारल्यावर वाक्यात उत्तर मिळते का? 'शी लेड द बुक ऑन द टेबल' मध्ये काय ठेवले, तर पुस्तक, म्हणून 'ले'. 'द बुक लाइझ ऑन द टेबल' मध्ये 'काय'ला उत्तर नाही, पुस्तक नुसते पडले आहे, म्हणून 'लाय'. प्रश्न उपस्थित करताना 'रेझ अ क्वेश्चन', सूर्य उगवताना 'द सन राइझेस'.

अडचण भूतकाळात येते. 'ले'ची रूपे 'ले, लेड, लेड', आणि 'लाय'ची 'लाय, ले, लेन'. 'लाय'चा भूतकाळ दिसायला दुसऱ्या क्रियापदाच्या वर्तमानकाळासारखाच. 'यस्टरडे आय ले इन बेड ऑल डे' हे वाक्य ऐकायला चुकीचे वाटते, पण बरोबर आहे. ही सहा रूपे मात्र सरळ पाठ करावीत, दुसरा रस्ता नाही. आणि खोटे बोलणे या अर्थाचा 'लाय' तिसराच, तो साधा आहे: 'लाय, लाइड, लाइड'.

'सिन्स टू इयर्स' चुकीचे का?

मराठीतला 'पासून' हा प्रत्यय दोन वेगळी कामे करतो आणि इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत, म्हणून. 'सोमवारपासून' म्हणताना आपण सुरुवातीचा क्षण सांगतो. 'दोन वर्षांपासून' म्हणताना कालावधीची लांबी सांगतो. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स मंडे', दुसऱ्याला 'फॉर टू इयर्स'. पुढे आलेला शब्द दिनदर्शिकेवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येत असेल तर 'सिन्स', नुसता मोजता येत असेल तर 'फॉर'.

याच वाक्यात दुसरी चूक काळाची होते. आपण 'दोन वर्षांपासून इथे काम करतो आहे' असे वर्तमानात म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'आय ॲम वर्किंग' येते. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स' हवे.

'पर्यंत'ची गोष्ट अगदी अशीच आहे आणि तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. 'शुक्रवारपर्यंत पाठव' आणि 'शुक्रवारपर्यंत थांब' या दोन वाक्यांत 'पर्यंत' एकच, पण अर्थ वेगळे. पाठवण्याचे काम एकदाच होणार आहे, शुक्रवार उलटण्याआधी केव्हाही: 'सेंड इट बाय फ्रायडे'. थांबणे शुक्रवार येईस्तोवर सतत चालणार आहे: 'वेट अंटिल फ्रायडे'. कामाच्या पत्रात 'सबमिट अंटिल फ्रायडे' असे लिहिले तर वाचणाऱ्याला विचित्र वाटते, कारण त्यातून शुक्रवारपर्यंत पुन्हा पुन्हा सादर करत राहा असा अर्थ डोकावतो. 'टिल' आणि 'अंटिल' यांचा अर्थ एकच. 'टिल' हे 'अंटिल'चे लहान रूप असल्याचा समज आहे, पण 'टिल' हाच जुना शब्द आहे, म्हणून त्याला पुढे अपॉस्ट्रॉफी लावायची गरज नाही. फक्त 'टिल'मध्ये दोन 'एल' आणि 'अंटिल'मध्ये एक.

'से' आणि 'टेल', 'हिअर' आणि 'लिसन', 'बॉरो' आणि 'लेंड': यांचे काय?

इथे मराठी थेट मदतीला येते. 'म्हणणे' म्हणजे 'से' आणि 'सांगणे' म्हणजे 'टेल'. सांगताना समोर कोणीतरी लागते, म्हणून 'ही टोल्ड मी', आणि 'ही सेड' एवढेच किंवा 'ही सेड टु मी'. 'ही सेड मी' असे होत नाही. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ स्टोरी' यांसारख्या ठरावीक प्रयोगांत मात्र 'टेल'ला माणूस लागत नाही.

'ऐकू येणे' म्हणजे 'हिअर', 'ऐकणे' म्हणजे 'लिसन', आणि 'लिसन'च्या पुढे कोणाचे किंवा काय ऐकायचे ते आले की 'टु' हवाच. त्याच धर्तीवर 'दिसणे' म्हणजे 'सी', 'पाहणे' म्हणजे 'लुक ॲट', आणि हलते-चालते काही लक्ष देऊन पाहत राहणे म्हणजे 'वॉच'. आठवणे म्हणजे 'रिमेंबर', आठवण करून देणे म्हणजे 'रिमाइंड'.

'बॉरो' म्हणजे उसने घेणे आणि 'लेंड' म्हणजे उसने देणे. मराठीत 'उसने' हा शब्द दोन्हीकडे तोच राहतो आणि 'घे' किंवा 'दे' बदलतो. इंग्रजीत अख्खा शब्दच बदलतो. म्हणून 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' असे विचारले जाते. पेन मागताना एकतर 'कॅन आय बॉरो युअर पेन' म्हणा, नाहीतर 'कॅन यू लेंड मी युअर पेन'.

'प्रिन्सिपल', 'स्टेशनरी', 'कॉम्प्लिमेंट' यांत एकाच अक्षराचा फरक कसा लक्षात ठेवावा?

शेवटी 'ए-एल' असलेला 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्य. शाळेचे मुख्य, मुख्य कारण, आणि कर्जातले मुद्दलसुद्धा. 'एल-ई'ने संपणारा 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व, आणि तो कधीही विशेषण होत नाही. नामाआधी विशेषण म्हणून आला तर डोळे मिटून 'ए-एल' लिहा.

'स्टेशनरी'ची कथा मला फार आवडते. 'ए-आर-वाय'ने संपणारा शब्द म्हणजे स्थिर, जागेवर उभा असलेला. 'ई-आर-वाय'ने संपणारा म्हणजे कागद, पेन, वह्या. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक व्यापारी फिरून माल विकत. जो एका जागी दुकान मांडून बसे तो 'स्टेशनर', आणि असे एका जागी बसणारे बहुतेक पुस्तकविक्रेते असत. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला, म्हणजे पुस्तकांच्या धंद्यातल्या लोकांच्या संघाला, 1557 मध्ये राजसनद मिळाली. तेव्हा लिहिण्याच्या वस्तूंचा 'स्टेशनरी' हा 'स्टेशनर'चा माल आहे, आणि 'स्टेशनर' मध्ये 'ई' आहे. हे एकदा कळले की वेगळी क्लृप्ती लागत नाही.

मध्ये 'आय' असलेला 'कॉम्प्लिमेंट' म्हणजे कौतुक, 'ई' असलेला म्हणजे पूरक भाग. पूर्ण करणे या अर्थाच्या 'कम्प्लीट' शब्दातही त्याच जागी 'ई' आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूला 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणतात तेव्हा 'आय' हवा.

'लेस' आणि 'फ्यूअर' मध्ये नियम खरोखर आहे का?

प्रघात आहे आणि औपचारिक लेखनात तो पाळावा असे मला वाटते. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'फ्यूअर', न मोजता येणाऱ्यांना 'लेस': 'फ्यूअर मिस्टेक्स', 'लेस नॉइज'. वेळ, अंतर, पैसा हे आकड्यात सांगितले तरी एकत्रित माप म्हणून धरले जातात, म्हणून 'लेस दॅन टू अवर्स' हेच बरोबर.

पण कोणी मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' वापरला म्हणून त्याला अडाणी ठरवू नये. इंग्रजीत असा वापर नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लेखनापासून सापडतो. 'फ्यूअर'कडे कल दाखवणारी पहिली ज्ञात सूचना रॉबर्ट बेकर या लेखकाने 1770 मध्ये केली, आणि तीही आपली आवड म्हणून. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला.

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' दोन्ही ऐतिहासिकच ना?

मराठीत हो. 'ऐतिहासिक निर्णय' आणि 'ऐतिहासिक कागदपत्रे' यांना आपल्याकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत निर्णय 'हिस्टॉरिक', कारण तो इतिहासात महत्त्वाचा ठरणारा आहे, आणि कागदपत्रे 'हिस्टॉरिकल', कारण त्यांचा संबंध भूतकाळाशी आहे, मग ती महत्त्वाची असोत वा नसोत. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधी, 'इकॉनॉमिकल' म्हणजे किफायतशीर. या जोड्यांत सरसकट नियम शोधू नका, प्रत्येक शब्द आपापल्या वाटेने गेला आहे.

'इम्प्लाय' की 'इन्फर'?

बोलणारा 'इम्प्लाय' करतो, ऐकणारा 'इन्फर' करतो. एक सुचवतो, दुसरा अनुमान काढतो.

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला का?

काळजीपूर्वक लिहिणारे तसे वापरत नाहीत. रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा. 'अनइंटरेस्टेड' न्यायाधीश मात्र कोणालाही नको असेल. हा फरक टिकावा असे मला मनापासून वाटते, कारण दुसऱ्या एका शब्दात हा अर्थ तितक्या नेमकेपणाने बसत नाही.

'एव्हरी डे' जोडून लिहायचा की तोडून?

'दररोज' म्हणायचे असेल तर तोडून, 'रोजचा' म्हणायचे असेल तर जोडून. 'आय वॉक एव्हरी डे' यात दोन शब्द. 'ॲन एव्हरीडे प्रॉब्लेम' यात एक. 'ऑलरेडी' जोडला तर आधीच, तोडला तर सगळे तयार. 'समटाइम' म्हणजे केव्हातरी, 'समटाइम्स' म्हणजे कधीकधी, आणि तोडून 'सम टाइम' म्हणजे थोडा वेळ. 'अ लॉट' मात्र कायम दोन शब्द, जोडून लिहायची सवय लागली असेल तर आजच सोडा.

स्पेलचेकर असताना हे सगळे शिकायची काय गरज?

स्पेलचेकर अस्तित्वात नसलेला शब्द पकडतो. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडला, 'क्वाएट' म्हणजे शांत याच्या जागी 'क्वाइट' म्हणजे बराच असे झाले, तर दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून साधा तपासनीस गप्प बसतो. नवी साधने संदर्भ पाहतात आणि पुष्कळ चुका दाखवतात, ती जरूर वापरा. पण ती सुचवतात त्या दोन पर्यायांतला कोणता घ्यायचा, हे शेवटी ज्याला अर्थ कळतो त्यालाच ठरवता येते.

शब्दांच्या जोड्यांची यादी पाठ करावी का?

माझा सल्ला, करू नये. दोन सारखे दिसणारे शब्द शेजारी शेजारी ठेवून एकाच दिवशी घोकले की ते डोक्यात एकमेकांना चिकटतात, आणि नंतर कोणता कोणता हेच आठवत नाही. आधी जोडीतला एकच शब्द घ्या, बहुधा तुम्हाला जास्त लागणारा. तो चार-पाच खऱ्याखुऱ्या वाक्यांत वापरा, स्वतःच्या कामाच्या किंवा अभ्यासाच्या वाक्यांत. तो हाताला सरावला की काही दिवसांनी दुसरा घ्या. 'इफेक्ट ऑन', 'लूझ वेट', 'रेझ अ क्वेश्चन' असे शब्दांचे जुळलेले गट शिकलात तर आणखी बरे, कारण लिहिताना शब्द एकटा आठवत नाही, शेजाऱ्यांसकट आठवतो.

कोशात शब्द पाहताना नेमके काय पाहावे?

बहुतेक जण अर्थाची पहिली ओळ वाचून कोश मिटतात. आधी तो नाम आहे की क्रियापद ते पाहा, कारण वरच्या बऱ्याच जोड्या तिथेच सुटतात. क्रियापद असेल तर सकर्मक आहे की अकर्मक ते पाहा, म्हणजे 'ले' आणि 'लाय' वेगळे होतील. नाम असेल तर मोजता येणारे आहे की नाही. मग आघाताची खूण पाहा. 'रेकॉर्ड', 'ऑब्जेक्ट', 'प्रेझेंट' असे कितीतरी शब्द नाम असताना पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असताना दुसऱ्या अक्षरावर जोर घेतात. कोशातल्या आघाताच्या उभ्या रेघेनंतरचे अक्षर जोराने म्हणायचे असते. शेवटी उदाहरणाची वाक्ये वाचा आणि त्यांतले एक वहीत उतरवून घ्या, अर्थ उतरवला नाही तरी चालेल.